एका फेरीत वाचून होईल असा जुना उतारा सुचवा

फेरीतला
नमस्कार मंडळी. राहायला चोडण, नोकरी पणजीत, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ रायबंदरची फेरी (म्हणजे फेरीबोट) चुकत नाही. मोबाईल बघून बघून कंटाळा आला म्हणून पिशवीत एक जुनं पुस्तक ठेवायला लागलो. कादंबरी फेरीत जमत नाही. कोण कोणाचा मेहुणा हे कळेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. पण जुन्या ग्रंथातलं एखादं पान, एखादं पत्र, पंधरावीस ओव्या बरोबर बसतात.

सध्या रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र चालू आहे, 1715 चं. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी एक परिच्छेद आहे. आंब्या-फणसाचं लाकूडही जहाजाला उपयोगी, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी जतन करून वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. बस्स. एवढंच वाचलं, आणि दिवसभर ऑफिसात फायली सरकवताना तेच डोक्यात.

माझं म्हणणं असं की अभिजात साहित्य आणि इतिहास असा घासाघासानं वाचण्याचं सुख वेगळंच आहे. पुस्तक संपवल्याच्या सुखाशी त्याची गल्लत करू नये. घरच्यांचं म्हणणं, "वाचायचं तर पूर्ण वाच, नाहीतर ठेव." तुम्हाला काय वाटतं? आणि उतारे सुचवा. अट एकच, स्कूटरला टेकून उभ्याउभ्या वाचता आलं पाहिजे.

उंडो
पहिला!
रो-रो (गाड्या थेट चढवता येणारी नवी फेरीबोट) आल्यापासून चोडणची फेरी पूर्वीपेक्षा लवकर पोचते म्हणे. तेव्हा सुचवणाऱ्यांनी ओव्या मोजून सुचवाव्यात.

आबोली
काय सुंदर धागा! दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्या. 1956 चं पुस्तक, महिन्यामहिन्याचे लेख. मी ते कधीच सलग वाचलेलं नाही. जो महिना चालू असेल तोच लेख काढायचा, त्यातलीही दोनच पानं. चोडणला तर सलीम अली अभयारण्य दारात आहे. दोन पानं वाचायची आणि मान वर करून खारफुटीकडे बघायचं. फेरीसाठी याहून बरं काय?

पोथीनिष्ठ
फेरीतला, राग मानू नका, पण तुमच्या घरचे बरोबर आहेत. नुसती सोलकढी पिऊन उठायचं आणि हॉटेलबाहेर सांगायचं की जेवण झालं, असा हा प्रकार आहे. आज्ञापत्राचा तो झाडांचा परिच्छेद हल्ली प्रत्येक पर्यावरणदिनाच्या फलकावर असतो. त्याच ग्रंथात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, काय लिहिलंय, दुर्गांबद्दल किती बारीक लिहिलंय, हे फलकवाल्यांना विचारा. झाडांचा परिच्छेद हा आरमाराच्या प्रकरणातला आहे, म्हणजे अमात्यांना आधी जहाजं हवी होती. सागवान आपल्या राज्यातल्या अरण्यातून हुजूर परवानगीनं तोडून न्या, असं तिथेच सांगितलेलं आहे. ते कोणी फलकावर लिहीत नाही.

समर्थांच्या नावावरची ओळ आठवा: 'अखंडित वाचीत जावे.'

खतखतें
काका, त्या ओळीत अखंडितच्या आधी 'प्रसंगी' आहे. तुम्हीही सोयीचा तुकडाच उचललात की. 😄

उंडो
सोलकढी पिऊन उठणाऱ्यांच्या वतीनं निषेध. आमच्याकडे काही हॉटेलांत तेवढीच चांगली मिळते.

फेरीतला
काका, राग कसला. पण सागवानाचं मी वाचलं होतं, ते त्याच पानावर आहे. मला तर त्यामुळेच तो परिच्छेद जास्त आवडला. जहाजं तर बांधायचीच आहेत, पण कुणब्याच्या परसातल्या फणसाला हात लावायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी हव्या आहेत. हे अख्खा ग्रंथ धावत वाचला असता तर माझ्याकडून निसटलं असतं.

फोंड्याची मास्तरीण
मी शाळेत मराठी शिकवते. तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद आणि मी काहीतरी जुनं मोठ्यानं वाचते. परीक्षेला नाही, प्रश्न नाहीत. सगळ्यात चालतं ते शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं पत्र. फेरीतला, हे तुमच्या यादीत घालाच.

पावसाळ्याला घोड्यांसाठी दाणा-वैरण साठवलीय, ती बेतानं खर्च करा, आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, हा एक मुद्दा. मग तुमचे लोक कुणब्यांकडे दाणे, भाकर, गवत, भाजी उचलायला जातील, आणि त्या गरिबांना वाटेल की मोगल मुलखात आले त्याहूनही तुम्ही अधिक. आणि मग आग. कोणी स्वयंपाकाला कुठेही चूल मांडील, कोणी तंबाखूला विस्तव नेईल, रात्री घरात दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील.

उंदरावर वर्ग हसतो. मग एखादा विचारतो, "टीचर, राजाला उंदीर कशाला सुचला?" आणि मग मला काही शिकवायला लागत नाही. चौथ्या रांगेतला एक मुलगा, ज्याच्या वडिलांचं चवथीच्या बाजारात फटाक्यांचं दुकान असतं, म्हणाला की आमचे बाबापण अशीच यादी सांगतात. राज्याभिषेकाचं वर्णन वाचून वर्गात कधी असं झालं नाही.

पोथीनिष्ठकाका, ही मुलं अख्खं पत्रव्यवहाराचं पुस्तक वाचणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी मी वाचणार.

पोथीनिष्ठ
मास्तरीणबाई, वर्गाची गोष्ट निराळी. वर्गात तुम्ही आहात, मागचंपुढचं सांगायला. फेरीत कोण आहे?

सत्तरीचो
फेरीत पदेर (पाववाला) असता, नुस्तेकान्न (मासेवाली) असता. विचारलां तर सांगतीत. 😂

मडगावचो मामा
पोथीनिष्ठांची बाजू घेतो, आणि घरचाच दाखला देतो. फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातून 1579 मध्ये गोव्यात आलेला जेज्वीट. साष्टीत आयुष्य गेलं, आणि त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापून झालं. आता त्यातल्या या दोन ओव्या मराठीच्या प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक पत्रिकेवर असतात:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥
जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी । कीं परिमळांमाजी कस्तुरी ।
तैसी भासांमाजी साजिरी । मराठिया ॥

टाळ्या. पण ग्रंथ जवळपास अकरा हजार ओव्यांचा आहे. त्यात आदाम-एवेपासून येशूपर्यंतची कथा आहे, आपल्या पुराणांच्या घाटात, आपल्याच ओवीत सांगितलेली. ती वाचलेला माणूस मला सभेत क्वचित भेटला. ज्या ओव्या सगळ्यांना पाठ, त्या मराठीच्या कौतुकाच्या. म्हणजे पाहुण्याच्या घरी गेलो, त्यानं दारात आपली स्तुती केली, ती ऐकली आणि तिथूनच परतलो. फेरीतला म्हणतो ते उताऱ्याचं सुख खरं आहे, पण उतारा निवडतो कोण? बहुतेक वेळा आपली खूश व्हायची सवयच निवडते.

कुळागर
मामा, स्टीफन्सनं कोंकणीचं व्याकरणही लिहिलं हे सोयीस्करपणे राहिलं वाटतं. ते त्याच्या मरणानंतर 1640 मध्ये रायतूरलाच छापलं गेलं. सभेत तेही सांगत जा.

मडगावचो मामा
सांगतो की. तुम्ही सभेला येत नाही म्हणून ऐकलं नसेल.

कुळागर
येतो, पण चहा झाल्यावर निघतो.

धागापाल
मराठी-कोंकणी वादासाठी आपल्याकडे वेगळा धागा आहे. तिथे बाराही महिने गर्दी असते. इथे उताऱ्यांवर बोलूया.

पेडणेकरीण
मी घरात ऐकलेलं सांगते. आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं, वाचायला जेमतेम. पण श्रावणात पोथी लागायची आणि रोज एकच अध्याय व्हायचा. दुसऱ्या दिवशीचा आदल्या दिवशी वाचायचा नाही, कितीही उत्सुकता असो. मग दुपारभर बायका त्याच अध्यायावर बोलत. संजीवनी विद्येवरून एकदा भांडण झालेलं मला आठवतं.

म्हणजे थोडं थोडं वाचणं हा मोबाईलमुळे आलेला आळस नव्हे हो. जुने ग्रंथ बांधलेच तसे आहेत. दासबोध बघा, वीस दशक, प्रत्येकात दहा समास. एक समास एका बैठकीचा. आणि आमच्या बाजूचे सोहिरोबानाथ आंबिये. 'हरिभजनावीण काळ घालवूं नको रे' हे एक पद गायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुमची फेरी अर्ध्यावर असेल.

खतखतें
पेडणेकरीणताई +1. लीळाचरित्र तर अख्खंच असं आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी एकेक लीळा करून मांडल्या, तेराव्या शतकात. काही लीळा चार-पाच वाक्यांत संपतात. कोण आलं, स्वामी काय म्हणाले, भक्तानं काय केलं, संपलं. आपण लहानपणी ऐकलेली ती शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्ट त्यात आहे! काउळ्याचं घर शेणाचं, साळैचं मेणाचं. चिमणीच्या जागी साळै, पाऊस तोच. आजीच्या मांडीवरून थेट तेराव्या शतकात. एवढा धक्का मला अख्ख्या वाङ्मयेतिहासानं दिला नव्हता.

बिगरी ते डिगरी
लीळाचरित्राची भाषा समजते का पण? मी एकदा उघडलं आणि बंद केलं.

खतखतें
पहिली दोन पानं जड जातात. मोठ्यानं वाचा. डोळ्यांना अडतं ते कानाला कळतं. आणि एका वेळी एकच लीळा, हा धागा त्यासाठीच तर आहे.

बिगरी ते डिगरी
फेरीत मोठ्यानं वाचलं तर लोक उदबत्ती लावतील.

सांकवाळकार
बराच वेळ वाचतोय, आता लिहितोच. थोडं लांबेल.

आमच्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी. जन्म 1876. घरची नारळाची बागायत, शिक्षण अर्धवट, तब्येत नाजूक, संसाराचा व्याप अंगावर. त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात ते सांगतात की 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. मुलांच्या मासिकातला लेख तो, कितीसा मोठा असणार! पण ते वाचून माणूस झपाटला. पुढे घर सोडलं, पुण्याला गेले, ग्वाल्हेर, काशी, तिथून नेपाळ, मग कलकत्ता, सिलोन. पाली शिकले, भिक्षू झाले, आणि परत येऊन मराठी माणसाला बुद्ध मराठीतून वाचायला दिला.

आता पोथीनिष्ठांना विचारतो. तो लेख म्हणजे उताराच होता ना? त्यात बौद्ध धर्माचं मागचंपुढचं काहीच नसणार. मुलांसाठी साखर घालून लिहिलेला. तरी काम केलं त्यानं. उतारा अपुरा असतो हे मान्य, पण त्या अपुरेपणानंच माणूस उठून चालायला लागला. सगळं एकाच जागी मिळालं असतं तर ते बागेत बसून वाचून झालं असतं.

'निवेदन'मधले प्रवासाचे भाग फेरीसाठी उत्तम. पैसे नाहीत, भाषा येत नाही, जेवणाची मारामार, आणि हा माणूस कुठेही स्वतःचं कौतुक न करता सांगतो. कुठलंही प्रकरण उघडा.

फेरीतला
सांकवाळकार बाब, देव बरें करूं! हे पुस्तक घरात होतं, वडिलांचं. उद्याच पिशवीत.

पोथीनिष्ठ
सांकवाळकार, दाखला जोरदार आहे, नाकारत नाही. पण कोसंबी त्या लेखावर थांबले नाहीत हे तुम्हीच लिहिलंत. मूळ ग्रंथ मिळवायला ते सिलोनपर्यंत गेले. आपण 'किती छान' म्हणून पुढच्याला पाठवतो. माझं भांडण उताऱ्याशी नाही, तिथेच घर बांधणाऱ्यांशी आहे.

आणखी एक. 1683 मध्ये संभाजीराजे गोव्यावर आले, जुव्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, आणि पोर्तुगीज विजरईनं (व्हाइसरॉयनं) घाबरून आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या हाती दिला. हा प्रसंग इतका नाट्यमय की सगळे तेवढाच सांगतात. एक बाजू म्हणते गोंयचो सायब (म्हणजे झेवियरच) पावला, दुसरी म्हणते बघा कसे घाबरले. पण मराठे मागे फिरले ते मोगल शहजादा फौज घेऊन कोकणात उतरला म्हणून. इतिहासकार पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' घ्या, दोन्हीकडची कागदपत्रं ताडून लिहिलेलं. तुकडा वाचला तर चमत्कार, प्रकरण वाचलं तर राजकारण.

मडगावचो मामा
काका, एक नंबर.

आबोली
पण काका, त्या राजदंडाच्या प्रसंगामुळेच तुम्ही पिसुर्लेकर हाती घेतला असणार, खरं सांगा!

पोथीनिष्ठ
हा प्रश्न विषयाला धरून नाही.

उंडो
😂😂 काका सापडले.

शेणवी मामाचा भाचा
पानिपतचा तो सांकेतिक निरोप कोणी लिहिला नाही अजून? 'दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये खुर्दा किती गेला गणती नाही.' एका ओळीत 14 जानेवारी 1761. फेरी सुटायच्या आत वाचून होतं.

खतखतें
प्रत्येक पुस्तकात शब्द थोडे वेगळे छापलेले दिसतात, कुठे मोहरा गळतात कुठे हरवतात. पण मला त्यात नेहमी 'खुर्दा' टोचतो. भाऊ आणि विश्वासराव मोती, सरदार मोहरा, आणि हजारो माणसं सुटे पैसे. सावकारी भाषेत बातमी लपवायला गेले आणि कोणाची किंमत किती धरली जायची ते उघडं पडलं.

फोंड्याची मास्तरीण
हे उद्या वर्गात.

दोतोर
वैद्यकातला माणूस आहे म्हणून गार्सिया द ऑर्ताची वकिली करतो. 1534 मध्ये हिंदुस्थानात आलेला पोर्तुगीज वैद्य, गोव्यात स्थायिक. त्याचा 'कोलोकियुश' हा ग्रंथ 1563 मध्ये इथेच, जुन्या गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानातला पहिला छापखाना आपल्याकडे 1556 मध्ये आला होता, त्यानंतर सातच वर्षांनी. हिंग, आंबा, नारळ, विडा, अफू, भांग, एकेक द्रव्यावर एकेक संवाद. स्वतः ऑर्ता आणि रुआनो नावाचं एक कल्पित पात्र, परदेशातून आलेलं, पुस्तकी ज्ञानानं भरलेलं. रुआनो म्हणणार, 'पण ग्रीक वैद्यांनी तर असं लिहिलंय.' ऑर्ता म्हणणार, 'मी इथे डोळ्यांनी पाहिलंय.' मधेच घरातल्या दासीला, आंतोनियाला, काहीतरी आणायला सांगितलं जातं.

मूळ पोर्तुगीज, इंग्रजी भाषांतर आहे. मी रात्री झोपायच्या आधी एक संवाद वाचतो. क्रमानं वाचायची गरजच नाही, वर्णानुक्रमे लावलेलं आहे.

आता उताऱ्यांच्या वादाला लागू पडणारी गोष्ट. युरोपनं हा ग्रंथ मूळ स्वरूपात फारसा वाचलाच नाही. क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1567 मध्ये अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला. संवाद काढून टाकले, रुआनो गेला, आंतोनिया गेली, उरली ती फक्त माहिती. तो संक्षेप युरोपभर चालला. म्हणजे ऑर्ताचं नाव टिकलं ते काटछाटीमुळे, आणि ऑर्ताचा आवाज गेला तोही काटछाटीमुळेच. आंब्यावरचा पूर्ण संवाद वाचला की माणूस समोर येऊन बसतो. संक्षेपात आंबा राहतो, गप्पा मारणारा जातो. तेव्हा माझं मत असं: उतारा बिनधास्त वाचा, सारांश मात्र नको. पान असेना का एकच, पण लिहिणाऱ्याच्या शब्दांत हवं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ऑर्ता 1568 मध्ये वारला. ज्यू वंशाचा असल्यानं इन्क्विझिशननं (पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं) 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. बहिणीला त्याआधीच जिवंत जाळलं होतं. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, म्युनिसिपल गार्डन म्हणतो ती. संध्याकाळी तिथे चणे खात बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

फेरीतला
दोतोर, 'उतारा चालेल, सारांश नको' हे मी घरी जाऊन सांगणार आहे. मला नेमकं हेच म्हणायचं होतं, जमत नव्हतं.

कुळागर
इन्क्विझिशनचाच विषय निघाला तर देलाँचं वर्णन वाचा. फ्रेंच वैद्य, दमणला पकडला, गोव्याच्या कोठडीत ठेवला. सुटल्यावर 1687 मध्ये पुस्तक काढलं. पहाटे उठवून कपडे देतात आणि आपल्याला जाळणार की सोडणार हे त्याला माहीत नाही, तो भाग. पण फेरीत नको. मी दुपारी वाचला आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

बिगरी ते डिगरी
जरा हसायचं काहीतरी सांगा रे. सगळे मेले, जळले, गळाले.

पेडणेकरीण
लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'! कुठलंही पान. सोवळ्यापायी दिसेल ती वस्तू धुऊन घेणारे वडील, आणि रेव्हरंड टिळकांचा तो विक्षिप्त संसार, पैसे हातात टिकत नाहीत, घरात पाहुणे मावत नाहीत. हसता हसता लक्षात येतं की बाईनं केवढं सोसलंय. एका पानात दोन्ही होतं. फेरीत वाचलंत तर शेजारचा विचारील, काय झालं म्हणून.

शेणवी मामाचा भाचा
आणि गोडसे भटजी! 'माझा प्रवास'. वरसईचा भिक्षुक, कर्ज फेडायला यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून 1857 मध्ये उत्तरेकडे निघाला आणि 1858 मध्ये थेट झाशीच्या वेढ्यात सापडला. कापाकापीच्या पानांपेक्षा मला झाशीच्या ग्रंथसंग्रहाची लूट जास्त लागते. शिपायांना पोथ्या काय कामाच्या? बांधायचे रुमाल घेतले, पानं फेकली. हा माणूस स्वतः जीव मुठीत धरून लपलेला, आणि त्याला पोथ्यांचं वाईट वाटतंय. परत येताना मिळवलेलं धन लुटलं गेलं, पण गंगेची कावड मात्र घरापर्यंत आणली. हे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी वाचा.

मडगावचो मामा
भाच्या, तूही कथा सांगूनच टाकलीस. वाचायला काय ठेवलंस?

सत्तरीचो
सगळ्यात छोटा इतिहास नार्व्यात आसा, पुस्तक घेवपाची गरज ना. सप्तकोटेश्वराच्या देवळावरचा शिलालेख. शके 1590, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, श्री शिवराज्ञेने देवालयाचा प्रारंभ. बस्स. ना युद्ध, ना स्तुती. दिवाडीवरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी मोडलेलं, देव नदीपलीकडे नार्व्याला आणलेला, आणि 1668 मध्ये महाराजांनी देऊळ बांधायला घेतलं. दगडावर तक्रारीचा एक शब्द नाही. आज कोणी नळाचं उद्घाटन केलं तरी कोनशिलेवर सात नावं असतात.

उंडो
सात नावं आणि नळाला पाणी ना.

आबोली
पुस्तकं कुठे मिळतील विचारणाऱ्यांसाठी: पणजीतल्या पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. 1832 पासूनची आहे. फेरीतला, तुमच्या तर वाटेवरच. यातली बरीच पुस्तकं तिथे मिळावीत, नाही मिळालं तर काउंटरवर विचारा. आणि ज्यांच्या नावानं ती आहे ते केळोशीचे कृष्णदास शामा सोळाव्या शतकात ओव्या लिहीत होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खतखतें
मूळ प्रश्नावर परत येतो. कसं वाचावं हे ज्ञानदेवांनी पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलंय:

जैसें शारदियेचे चंद्रकळे । माजीं अमृतकण कोंवळे ।
ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगे ॥
तियापरी श्रोता । अनुभवावी हे कथा ।
अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥

चकोराची पिल्लं कण वेचतात. कोणी चंद्र गिळायला सांगितलेलं नाही.

पोथीनिष्ठ
हे मात्र त्यांनी नऊ हजार ओव्यांच्या सुरुवातीला सांगितलंय, विसरू नका.

असो. बोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा करून बघू. मामा म्हणाले ते मला लागलं, ख्रिस्तपुराण मीही पूर्ण वाचलेलं नाही, हाताशी असून. सोमवारपासून पहिल्या ओवीपासून सुरुवात करतो, रोज पन्नास ओव्या. हिशेब केला, सव्वासात महिने लागतील. ज्यांना यायचंय त्यांनी या, वेगळा धागा काढतो. मधलं गाळायचं नाही, आवडतं तेवढंच घ्यायचं नाही.

मडगावचो मामा
मी आहे.

कुळागर
मीपण. मामांनी मधे कोंकणी शब्द गाळले तर कोणी बघायला नको?

फेरीतला
मी पण येतो. सकाळच्या फेरीत पंचवीस, संध्याकाळच्या फेरीत पंचवीस. पण काका, रोज पन्नास ओव्या म्हणजे उतारेच झाले की.

पोथीनिष्ठ
सलग उतारे.